उभ्याचं माप

मागच्या महिन्यात मुलीने मला पायाच्या डॉक्टरकडे नेलं. टाच धरली होती, सकाळी पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. तिथे मला काचेच्या पेटीवर उभं केलं. खालून दिवा लागला आणि समोरच्या पडद्यावर माझे दोन तळवे लाल-निळे होऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, नीट उभे राहा. पूर्ण वजन द्या." आठ दिवसांनी बुटात घालायच्या पट्ट्या मिळाल्या, माझ्याच पायाच्या मापाच्या. चांगल्या आहेत. मुलगी म्हणाली, "बघा बाबा, सायन्स किती पुढे गेलंय."

हेच काम गोविंद मिस्त्री लालबागला चाळीच्या जिन्याखाली बसून करायचा, तेव्हा या मुलीचा जन्मही झाला नव्हता.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण द्वारका, माझी बायको, गेल्या चैत्रात गेली आणि जाण्यापूर्वी मिस्त्रीबद्दल एक गोष्ट मला सांगून गेली. ती डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

मिस्त्री जातीने चांभार, देवगडकडचा. लढाईच्या काळात लष्कराच्या दवाखान्यात कामाला होता. बॉम्बने, गोळीने पाय वाकडे झालेल्या शिपायांना तिथे खास बूट करून द्यायचे. ते काम तो एका गोऱ्या डॉक्टरच्या हाताखाली शिकला. लढाई संपली, डॉक्टर गेला, मिस्त्री मुंबईला आला. जिन्याखाली खोपटं, आत एक दगडी लादी, चामड्याचे तुकडे, बाटल्यांची जुनी बुचं आणि मिलमधली टाकाऊ लोकरी पट्टी. बूच तासून, त्यावर पट्टी चिकटवून, वरून चामडं चढवून तो चपलेत बसणारा उंचवटा करायचा. कुणाला टाचेखाली, कुणाला तळव्याच्या खोबणीत, कुणाला अंगठ्यामागे. ज्याचा त्याचा वेगळा. दोन माणसांना एक पट्टी त्याने कधी दिली नाही. दोन भावांनाही नाही.

बोलायचा तोंडाच्या एका कोपऱ्यातून, कारण दुसऱ्या कोपऱ्यात कायम दोन-तीन चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेल्या असत. माणसाचं तोंड तो उशिरा बघायचा. आधी चप्पल मागायचा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी चप्पल उलटी करून म्हणाला, "मिलच्या रिंग खात्यात आहेस, सूत कातायला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हिने सांगितलं. बाहेरची कड खाल्लीय बघ. साच्यापुढे तुम्ही लोक सरळ चालत नाही, खेकड्यासारखे आडवे सरकता. अंगठ्याखाली घट्टा आहे ना?"

होता. त्याने लादीवर खोबरेल आणि काजळी पुसली, मला त्यावर उभं केलं, मग जाड कागदावर. "भार दे," म्हणाला. "असा कोंबडीसारखा काय उभा राहतोस? पाळी भरून आलायस ना? मग तसा उभा राहा, दमलेला." मी दिला भार. कागदावर माझा पाय उमटला, पसरट, बेढब. मला लाज वाटली. तो मात्र त्या कागदाकडे असा बघत होता की जणू मुलीसाठी स्थळाचा फोटो आलाय.

पंधरा दिवसांत माझा घट्टा बसला. तेव्हापासून पाळी सुटली की मी तिथे अर्धा तास टेकायला लागलो. ज्याला अक्षरओळख आहे त्याला तो पेपर वाचायला लावायचा. मी अडखळत वाचायचो, तो खिळे ठोकायचा. माझं नाव वासुदेव, घरीदारी सगळे वासू म्हणत. तो एकटा पुरं नाव घ्यायचा.

माप उभ्यानेच घ्यायचं आणि दिवसाच्या शेवटी घ्यायचं, यात त्याने कुणाला सूट दिली नाही. एकदा शिवाजी पार्कचे कोणी रिटायर झालेले साहेब गाडी घेऊन आले. जिन्याखाली वाकून यायचं त्यांना जमेना की बरं वाटेना, कोण जाणे. ड्रायव्हर येऊन म्हणाला, "साहेब गाडीतच बसलेत, माप तिथेच घ्या."

मिस्त्री म्हणाला, "गाडीत बसून माप द्यायचं असेल तर गाडीला चपला करून देतो. चार लागतील."

साहेबांनी ऐकलं. लाल झाले, पण उतरले. आत शिवडीच्या गोदीतला एक हमाल लादीवर उभा होता. मिस्त्री साहेबांना म्हणाला, "थांबा, ह्याचं होऊ दे." पाच मिनिटं साहेब अनवाणी उभे. मग त्यांचा पाय कागदावर घेतला आणि हमालाच्या कागदाशेजारी ठेवला. दोघांच्या तळव्याची खोबण सारखीच खचलेली. "बघा," म्हणाला, "ह्याची ओझ्याने गेली, तुमची पोटाने." साहेब खो खो हसले. पुढे ते पेढे घेऊन आले होते. मीही खाल्ले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, रोज मोर्चा. मिस्त्री घोषणा द्यायचा नाही, तोंडात चुका. पण मोर्चा निघायच्या आदल्या दिवशी खोपटाच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा, "नवी चप्पल घालून उद्या कोणी येऊ नका रे! मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, फोड आजच मिळेल."

एका सभेवर लाठ्या चालल्या, धूर सोडला. माणसं पळाली. रस्ता मोकळा झाला तेव्हा सगळीकडे चपलाच चपला. मिस्त्री गोणपाट घेऊन गेला आणि गोळा करून आणल्या. तुटलेले अंगठे शिवले, टाचा ठोकल्या, जोड्या लावून चाळीच्या भिंतीशी रांग मांडली. दोन दिवस लोक येऊन आपापल्या नेत होते. एकाने चांगली कातडी जोडी उचलली.

"ठेव ती," मिस्त्री आतूनच म्हणाला.

"माझीच आहे, मिस्त्री."

"तुझी टाच आत पडते. ही बाहेर पडणाऱ्याची आहे. तुझी ती, तिसरी. वादी तुटकी."

त्याने मुकाट्याने तिसरी घेतली. लोक हसून हसून खाली बसले. शेवटी एक जोडी राहिली. मिस्त्रीने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "ही बीडीडी चाळीतल्या त्या शिलाई करणाऱ्या बाबाची." पायात काही न घालता तो वरळीपर्यंत चालत जाऊन देऊन आला. तो बाबा डोकं फुटून पडला होता. चपलेची त्याला आठवणही नव्हती. मिस्त्रीने खाटेखाली त्या नीट लावून ठेवल्या आणि सांगितलं, "उठलास की लागतील."

असा माणूस. आता माझं सांगतो.

द्वारका मिलमध्ये वायंडिंग खात्यात होती, सूत गुंडाळायला. आठ तास उभं राहायचं काम. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची टाच धरली. सकाळी ती अंथरुणातून उठायची ती भिंत धरून, आणि मोरीपर्यंत जाईतो ओठ चावून धरायची. मिलच्या डॉक्टरने चोळायला मलम दिलं. मी म्हटलं, मिस्त्रीकडे जाऊ.

माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. ती म्हणाली, "चांभाराच्या हातात माझ्या सुनेचो पाय? मी जिती असताना तसा होवचा नाय."

द्वारका चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पाय माझो दुखता, आणि भांडण तुमचा."

भांडण कसलं, मी भांडलोच नाही. आईपुढे माझी जीभ उचलली नाही. मी बारा महिने ज्याच्या शेजारी बसून चहा पीत होतो, त्याच्यासाठी मी घरात एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जाऊन खोटं सांगितलं. म्हटलं, "मिस्त्री, ती तुमच्याच मुलखातली. तुम्हाला वडलांच्या जागी मानते. वडीलधाऱ्याच्या हातात पाय कसा देऊ म्हणते. पाप लागेल म्हणते."

तोंडातल्या चुका त्याने काढून हातात घेतल्या. इतका खूश झालेला मी त्याला कधी बघितला नव्हता. "असं म्हणाली?" म्हणाला. "चांगल्या घरची पोर." मग जरा वेळाने, "ठीक. माप तू घे. पण पाळीवरून आली की. उभी कर. हात धर तिचा, पण भार तिचा तिला देऊ दे." करवंटीत काजळी दिली, दोन जाड कागद दिले.

आई घरातून हलायची नाही. एका रविवारी दुपारी ती खाली कीर्तनाला गेली तेवढा वेळ मिळाला. द्वारकाला त्या दिवशी टाच टेकवत नव्हती. मी म्हटलं, बस पाटावर. तिने बसून पाय पुढे केला आणि मी वरून हाताने दाबला. सुंदर उमटला. नाजूक, मधे मोठी खोबण. मिस्त्रीने कागद बघून विचारलं, "उभी होती?"

"होती."

"पाळीनंतर?"

"हो."

बसलेल्या माणसाचा तळवा उचललेला असतो. उभं राहिलं की खाली येतो. हे मला आज माहीत आहे. मिस्त्रीने त्या कागदाप्रमाणे मधे चांगला उंच उंचवटा केला, चपला स्वतः शिवल्या, वाद्यांना तांबडं चामडं लावलं. अशी वादी त्याने दुसऱ्या कुणाला लावली नव्हती. आईला मी सांगितलं, बाजारातून आणल्या.

द्वारका चपला घालून दोन पावलं चालली आणि थांबली. "टोचता," म्हणाली.

मी म्हटलं, "सवय होईल."

ती चार महिने तशीच चालली. औषध कडूच असतं असं तिला वाटलं असेल, किंवा नवऱ्याने आणलंय म्हणून. मिस्त्री रोज विचारायचा, "पोरीचा पाय कसा?" आणि मी रोज सांगायचो, "मस्त."

मग बायकांचा मोर्चा निघाला. मिलमधल्या, चाळीतल्या, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. द्वारका खात्यातल्या बायकांबरोबर गेली. मी आणि मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभे. घोषणा चालल्या होत्या, मिस्त्रीचे डोळे मात्र खाली, पायांवर. एकदम माझा दंड धरून म्हणाला, "ती बघ. हिरवं लुगडं. कशी चालतेय बघ, निखाऱ्यावरून चालल्यासारखी. कुठल्या गाढवाने काय घातलंय हिच्या पायात?"

मी बघितलं. द्वारका होती.

मोर्चा पुढे अडला म्हणून तिची ओळ आमच्यासमोर येऊन थांबली. मिस्त्री वाकून बघत होता. मला कळलं की त्याला तांबडी वादी दिसली, कारण माझ्या दंडावरचा हात सुटला.

"ही तुझी बायको?"

मी मान हलवली.

"माप उभ्याने घेतलं होतंस?"

तेव्हा सांगायला हवं होतं. रस्त्यात, घोषणांत, कोणी ऐकलंही नसतं. मी म्हटलं, "उभ्यानेच हो, मिस्त्री."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग माझा हात गेला."

ओळ पुढे सरकली. द्वारकाने जाताना आमच्याकडे बघितलं.

पुढचे काही दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. त्याने द्वारकाचा कागद काढून पुढ्यात ठेवला आणि बुचाचा तुकडा त्यावर धरून बघत बसायचा. जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून त्यांच्या पट्ट्या काढून तपासल्या. नवं कोणी आलं तर सांगायचा, "मोठ्या दवाखान्यात जा. माझं काही खरं नाही. एका पोरीला लंगडी केली मी." ती लादी त्याने धुऊन भिंतीला उभी करून ठेवली. मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. दोन वाक्यं बोललो असतो तर तो उठून कामाला लागला असता. पण दुसरं खोटं मोडायचं तर पहिलं मोडावं लागत होतं. ती तुम्हाला वडलांसारखं मानते, हे मीच रचलं, खरं कारण माझी आई आणि तुमची जात, हे त्याच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. पेपर मात्र मोठ्याने वाचत होतो.

मग एके दिवशी गेलो तर लादी खाली, मिस्त्री कामाला लागलेला, तोंडात चुका. मी सुटलो. त्याच सुमाराला द्वारकाही बरी चालायला लागली. चपला त्याच, तांबड्या वाद्यांच्या. महिन्याभरात ती सकाळी भिंत न धरता उठायला लागली. मी उड्या मारत मिस्त्रीकडे गेलो. "मिस्त्री, बसली बघा शेवटी तुमची पट्टी! उगाच घाबरलात."

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "हो. चामडं आहे ते. बसायला वेळ घेतं."

आणि मी ते खरं मानलं. पन्नास वर्षं खरं मानलं.

द्वारका गेल्या वर्षी आजारी पडली तेव्हा मी तिचे पाय चेपायला बसायचो. पाय सुजायचे. एकदा ती म्हणाली, "तुमका एक सांगाचा होता. त्या मिस्त्रीकडे मी गेल्लंय."

मला आधी कळेचना कुठला मिस्त्री.

तिने सावकाश सांगितलं. मोर्चात रस्त्याच्या कडेला माझ्याशेजारी उभा असलेला म्हातारा तिच्या पायाकडे बघून रडवेला झालेला तिने पाहिला होता. हाच तो, हे तिने ओळखलं. आठवड्याने पाळी सुटल्यावर ती एकटी जिन्याखाली गेली आणि म्हणाली, मी वासुदेवाची बायको. तुमची चूक नाय. मी बसलेली होते, त्यांनी हातान दाबल्यानी.

"आणि आईचं?" मी विचारलं.

"ताही सांगितलंय. खोटा कित्याक सांगू?"

मिस्त्रीने लादी आडवी केली, काजळी पुसली. तिला उभं केलं. मग खाली बसून विचारलं, "पायाला हात लावू का?"

"माझ्या जल्मात," द्वारका म्हणाली, "माका कोणी तसा इचारला नव्हता." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी खाली बघत तिचा पाय चेपत राहिलो.

चपलांचं वरचं चामडं न बिघडवता त्याने आतला उंचवटा काढून नवा बसवला. दोन दिवस चपला त्याच्याकडे होत्या. ते दोन दिवस ती शेजारच्या मालूच्या चपला घालून कामावर गेली. मी एकाच खोलीत राहत होतो. माझ्या लक्षात आलं नाही. निघताना तो तिला म्हणाला, "घरात बोलू नकोस. त्याला वाटू दे जुनीच बसली. बायकोसमोर तोंडावर पडेल बिचारा."

"इतकी वर्षं बोलली नाहीस ती?" मी विचारलं.

"त्यांका शबूद दिल्लो. आता ते नाय, मीही चललंय. तुमका म्हायत नको?"

त्यानंतर ती महिनाभर होती.

राज्य झालं त्या मे महिन्यात मिस्त्रीने खोपटं सोडलं. डोळ्यांना दोरा दिसेनासा झाला होता. पाऊस लागला की कोकणच्या बोटी बंद होतात, म्हणून तो त्याआधीच गावी निघाला. मी दुपारच्या पाळीच्या आधी भाऊच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. त्याची ट्रंक माझ्या खांद्यावर होती. घरी तेव्हा आई होतीच, त्यामुळे निरोपाचा चहासुद्धा मी त्याला धक्क्यावरच्या टपरीवर पाजला. गावाला सगळी मुंबई निघाल्यासारखी गर्दी. बोटीला अजून अवकाश होता. ऊन चढलं होतं. आम्ही ट्रंकेवर दोघं बसलो, अर्धं अर्धं.

मी बोलत होतो. आंबा यंदा कसा आहे, देवगडला उतरवून घ्यायला कोण येणार, खोपटात आता कोण बसणार. तो ऐकत होता. त्या दिवशी तोंडात चुका नव्हत्या, आणि त्याचं सबंध तोंड मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खालचे पुढचे दोन दात नव्हते. मध्येच त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वासुदेवा, बोटीला वेळ आहे. काही सांगायचं राहिलं असेल तर सांग."

मला वाटलं, म्हातारा निघताना हळवा झालाय. म्हटलं, "नाही हो मिस्त्री. राहिलं काही नाही. तुम्ही जपून जा."

तो थांबला. चांगला वेळ थांबला. समोरून टोपल्या घेऊन बायका जात होत्या, भोंगा झाला, माणसं उठून ढकलाढकली करायला लागली, तरी तो बसून होता. मग म्हणाला, "बरं तर," आणि उठला. ट्रंक मी उचलायला गेलो तर म्हणाला, "राहू दे, मी नेतो." फळीवरून तो चढला, ट्रंक एका हातात, दुसऱ्या हाताने दोर धरून. वर गेल्यावर कठड्याशी जागा करून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. बोट सुटली तरी तो तसाच बघत होता. मी हात हलवला आणि पाळी चुकू नये म्हणून लगेच मागे फिरलो.